आधी झाडं बघा, मग डबा ठेवा

सर, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात प्रश्न असा, की तुमच्या अकरावी-बारावीच्या पोरांनी गाव तलावाच्या काठाला बांबूनं गाळ ढवळला, बुडबुडे आले, ते पाण्यात उलट्या धरलेल्या बाटलीत जमा केले, आणि मग पोरं विचारून राहिली की तिकडं स्वीडन-फिनलंड-कॅनडाच्या दलदलीत शास्त्रज्ञ गॅस मोजतात म्हणजे हेच करतात का, गॅस मोजायचा तर सोबत झाडांच्या नोंदी काहून ठेवतात, आणि आपल्या तलावावर यातलं काय जमेल. मी मूळचा गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, घरी धानाची शेती, अकरा सिझन उत्तर स्वीडनच्या दलदलीत गॅस आणि झाडं मोजायचंच काम केलं, आता तीन वर्षांपासून घरी आहो आणि आपल्या बोड्या-तलावांवर तेच करून राहिलो. म्हणून जरा लांब लिहितो, एका बैठकीत नाही वाचून झालं तरी चालेल.

पहिली गोष्ट, पोरांनी केलं ते फालतू नाही. १७७६ साली इटलीत व्होल्टानं, हो तोच बॅटरीवाला, माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलात काठी घालून अगदी हेच केलं होतं, बुडबुडे धरले आणि हा गॅस जळतो हे दाखवलं. तोच मिथेन. पण ढवळून काढलेल्या गॅसवरून गाळात किती साठला होता एवढंच समजते, तलाव स्वतःहून दिवसाला किती सोडतो ते नाही समजत. ते मोजायचं तर न ढवळता मोजावं लागते, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते, कारण माणूस नुसता जवळ उभा राहिला तरी ढवळतोच.

आता तिकडची जागा कशी असते ते सांगतो, कारण दलदल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं म्हशी बसलेला चिखल येते आणि ते चित्र अगदीच वेगळं आहे. अबिस्को म्हणून गाव आहे, आर्क्टिक वर्तुळाच्या साधारण २०० किलोमीटर वर, तिथं १९१३ पासून रोजचं तापमान लिहून ठेवलेलं आहे. त्याच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर स्टोरडालेन नावाची दलदल. तिथं खाली पीट असते, म्हणजे हजारो वर्षांची न कुजलेली झाडं एकावर एक दबून झालेली तपकिरी, स्पंजासारखी जमीन. थंडी आणि पाणी यांच्यामुळं कुजण्यापेक्षा साचणं जास्त होते, वर्षाला फार तर एक मिलिमीटर, म्हणजे एक मीटर खाली गेलं की हजार वर्षांपूर्वीचं गवत हातात येते. जगाच्या जमिनीपैकी फक्त ३ टक्के जागा पीटची आहे पण मातीतल्या एकूण कार्बनचा अंदाजे तिसरा हिस्सा तिच्यात आहे, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर.

स्टोरडालेनमधे लाकडी फळ्यांच्या वाटेवरून वीस-तीस पावलं चाललं की तीन वेगळ्या दुनिया लागतात. एक म्हणजे उंचवटा, आत वर्षभर गोठलेला बर्फ असल्यामुळं वर उचललेला, त्याच्यावर कोरडं, घोट्याएवढं बुटकं बर्च, क्लाउडबेरीची पानं, दगडफूल. त्याच्या खाली उतरलं की स्फॅग्नम, म्हणजे शेवाळासारखी मॉस, ओली गादीच. आणि आणखी खाली, जिथं आतला बर्फ वितळून जमीन बसली, तिथं उघडं पाणी आणि त्यात एरिओफोरम, मी आईला फोनवर सांगताना त्याला कापूसगवत म्हणायचो कारण फुलून गेल्यावर त्याच्या टोकाला खरंच कापसाच्या बोंडासारखा पांढरा झुपका येते, सगळी दलदल पांढरी होते, यवतमाळकडचं शेत वाटावं असं. आता मिथेन बघा. कोरड्या उंचवट्यावर जवळपास शून्य, कधी कधी तर हवेतलाच थोडा मिथेन जमीन ओढून घेते. स्फॅग्नमच्या गादीवर मध्यम. आणि कापूसगवताच्या पाण्यात सगळ्यात जास्त, उंचवट्याच्या तुलनेत कित्येक पटीनं. हवा तीच, ऊन तेच, अंतर तीस पावलं. मग मला सांगा, झाडं न पाहता गॅस मोजायचा डबा कुठंही ठेवला आणि "या दलदलीतून इतका गॅस निघते" असं लिहिलं तर त्या आकड्याला काय अर्थ? म्हणून झाडांची नोंद ही गॅसच्या नोंदीची शोभा नाही, मी तर म्हणतो झाडांची वही हीच मुख्य वही आणि गॅसचा आकडा तिच्यातला एक रकाना.

असं काहून होते ते समजून घ्या, पोरांना समजावायला सोपं आहे. पाण्याखाली गाळात ऑक्सिजन नसते, तिथं मिथेन तयार करणारे सूक्ष्म जीव राहतात. त्याच्या वर, जिथं हवा पोचते त्या थरात मिथेन खाणारे जिवाणू राहतात. म्हणजे खाली कारखाना आणि वर नाका. गॅस वर येताना नाक्यावरूनच आला तर बराचसा तिथंच खाल्ला जाते. पाण्याची पातळी जितकी खोल तितका नाका जाड, म्हणून उंचवट्यावर शून्य. नाका चुकवायचे दोन रस्ते आहेत, एक बुडबुडा, तो इतक्या झटक्यात वर येते की खायला वेळच मिळत नाही, आणि दुसरा रस्ता म्हणजे झाड. पाण्यात मुळं ठेवून जगायचं तर मुळांना श्वास पाहिजे, म्हणून अशी झाडं आतून पोकळ नळ्या घेऊन बसतात, वरून ऑक्सिजन खाली जाते आणि त्याच नळीतून मिथेन वर येते, सरळ गाळातून हवेत. कापूसगवत, दलदलीतलं कॅरेक्स, तीन पानांचं मेनिॲन्थिस, सगळ्या नळ्याच. स्फॅग्नमला मुळंही नाही आणि नळीही नाही. तिकडं याचा एक साधा प्रयोग आहे, चौकटीतल्या गवताच्या काड्या कापायच्या आणि कापलेली तोंडं व्हॅसलिननं बंद करायची, लगेच मिथेन खाली येते.

हे तुम्हाला तिकडं जाऊन पाहायची गरज नाही सर. बाजारातून ढेस, म्हणजे कमळकाकडी, आणा आणि आडवी कापा, आतल्या गोल गोल भोकांचे रस्ते दिसतात ना, तीच कमळाची श्वासाची नळी. कमळ आणि कुमुदिनीत तर हवा नुसती झिरपत नाही, अक्षरशः वाहते. पिवळ्या कुमुदिनीवर १९८० साली हे दाखवलं गेलं की कोवळ्या पानात ऊन लागून दाब वाढते, हवा देठातून खाली कंदात जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते, सोबत गाळातला गॅस घेऊन. म्हणून अशा झाडांतून दुपारी जास्त गॅस निघते आणि रात्री कमी, आणि फक्त सकाळी आठला मोजणाऱ्याला अर्धंच चित्र दिसते. धान पण तसाच. पाण्यानं भरलेल्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, जो मिथेन निघते त्यातला बहुतेक धानाच्या ताटातूनच निघते, बुडबुड्यातून थोडा. आणि एक सुंदर गोष्ट, रोवण्यानंतर महिन्याभरानं धानाचं एक बूड हळूच उपटून मुळं धुवून पाहा, तांबूस गंज चढलेला दिसते. भोवतालचा गाळ निळसर राखाडी आणि मुळं तांबडी. मुळातून ऑक्सिजन बाहेर झिरपते, त्यानं गाळातल्या लोहाला गंज येते. म्हणजे झाड दोन्ही कामं करते, मिथेनला रस्ताही देते आणि मुळाजवळ थोडा मिथेन मरायची सोयही करते, वरून मुळांतून जे गोड रस पाझरतात ते खाऊन गाळातले जीव आणखी मिथेन बनवतात. यातलं कोणतं वरचढ ते झाडाची जात, वय, पाण्याची खोली यांच्यावर आहे. एकच उत्तर नाही, आणि पोरांनाही एकच उत्तर देऊ नका.

स्फॅग्नमबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझा जीव त्याच्यात आहे. आपल्याकडच्या भिंतीवरच्या शेवाळासारखं समजू नका. त्याच्या पानात निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या, रिकाम्या, भोकं असलेल्या असतात, फक्त पाणी धरायला, स्वतःच्या वाळल्या वजनाच्या १५-२० पट पाणी धरते. मूठभर घेऊन पिळलं की ओल्या गोधडीसारखं पाणी गळते. भोवतालचं पाणी ते स्वतः आंबट करते, पीएच चारच्या आसपास, त्या आंबटपणात कुजणं आणखी मंदावते, म्हणजे स्वतःची जमीन ते स्वतःच घडवते. आणि त्या मेलेल्या पेशींच्या आत मिथेन खाणारे जिवाणू राहतात, मिथेन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तोच कार्बन डायऑक्साइड स्फॅग्नम वापरते. २००५ मधे हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून "मॉस काय मोजायची" असं कोणी म्हणत नाही. तिथं कोरड्या उंचवट्यावर तपकिरी जात, मधे लालसर, पाण्यात हिरवी लोंबती, अशा जाती पाण्याच्या पातळीप्रमाणं रांगेत बसतात, त्यामुळं अनुभवी माणूस नुसता रंग पाहून सांगते की इथं पाणी किती खोल असेल. वाढ मोजायची पद्धत तर इतकी साधी की मी पहिल्यांदा पाहून चकित झालो, झेड आकारात वाकवलेली बारीक तार मॉसमधे उभी खोचायची, वर किती राहिली ते लिहायचं, हंगाम संपल्यावर परत मोजायचं, जेवढी तार बुडाली तेवढी मॉस वाढली. बस.

आणि त्या स्फॅग्नममधे दवबिंदू नावाची बारीक लाल वनस्पती उगवते, ड्रोसेरा, किडे खाणारी, कारण त्या आंबट पाण्यात नायट्रोजन जवळजवळ नसते. आपल्या विदर्भातही ओलसर, निकस माळावर दवबिंदूच्या जाती सापडतात, पोरांना पावसाळ्याच्या शेवटी शोधायला लावा. चार हजार मैलांवर गुडघे टेकून ती पाहिली तेव्हा मला गावचा माळ आठवला होता.

आता मोजणी. डब्याची पद्धत म्हणजे चेंबर. पीटमधे आधीच, हंगामाच्या सुरुवातीला किंवा आदल्या वर्षी, चौकोनी कडं रोवून ठेवतात, वरच्या कडेला खोबण असते, खोबणीत पाणी भरायचं आणि त्यात डबा बसवायचा म्हणजे हवाबंद. आत छोटा पंखा, तापमापी, आणि दाब सारखा राहायला एक बारीक नळी. मग ठराविक वेळानं सिरिंजनं हवा काढायची, शून्य, पाच, दहा, पंधरा, वीस मिनिटं, आणि लॅबमधे गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे हवेतले गॅस वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायची, किंवा आता लेझरवर चालणारं यंत्र सोबत नेता येते, ते दर सेकंदाला आकडा देते. आत मिथेन किती वेगानं वाढते त्याचा चढ काढायचा, सरळ रेष. पोरांना गणित करून दाखवा. डब्याचा तळ ६० बाय ६० सेंटिमीटर, उंची ४०, म्हणजे आकारमान भागिले क्षेत्रफळ बरोबर ०.४ मीटर. आत मिथेन मिनिटाला ०.१ पीपीएमनं (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) वाढला, तापमान २० अंश, तर तासाला चौरस मीटरमागं साधारण १.६ मिलिग्रॅम, दिवसाला ३८ मिलिग्रॅम. तापमान विसरू नका, १० अंशाला एका घनमीटरमधे ४३ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) हवा मावते, आपल्या ४० अंशाला ३९ मोलच, म्हणजे विसरले तर दहा टक्क्यांची चूक इथंच.

पण गणितात चूक झाली तर सुधरते, पायाची चूक नाही सुधरत. माझ्या पहिल्या सिझनची गोष्ट आहे. फळ्यांची वाट एका जागी खचली होती म्हणून मी डब्यापासून दीड-दोन मीटरवर सरळ मॉसवर उभा राहून काम करायचो, हलका माणूस आहे, काय फरक पडते असं वाटायचं. दोन आठवडे मोजलं आणि त्या जागेचे आकडे बाकीच्यांच्या तिप्पट. मला वाटलं काही मोठं सापडलं. तिथं वीस वर्षं काम केलेल्या एका बाई होत्या, त्यांनी काही न बोलता यंत्र चालू ठेवलं, मला स्थिर उभं केलं आणि म्हणाल्या, आता फक्त डावा पाय उचल. स्क्रीनवरची रेष टणकन वर गेली. पीट पाण्यावर तरंगणाऱ्या गादीसारखं असते, माझ्या वजनानं दबून आतले बुडबुडे डब्यात निघून राहिले होते. दोन आठवड्यांचे सगळे आकडे काढून टाकले, आणि ते मीच काढायचे होते. तेव्हापासून माझा नियम, हवेत मिथेन साधारण १.९ ते २ पीपीएम असते, डबा ठेवल्यावर पहिलाच आकडा जर ५-६ दिसला तर त्या वेळची मोजणी बाद, दुसऱ्याला न विचारता बाद. तुम्ही तलावावर कराल तर आधी बांबूचा मचाण किंवा ताट्या टाकून वाट बांधा, एक दिवस जाऊ द्या, मग मोजा. चिखल पीटपेक्षा वेगळा पण बुडबुडे धरून ठेवण्यात तोही कमी नाही.

कार्बन डायऑक्साइडचं थोडं वेगळं आहे. त्यासाठी पारदर्शक डबा घेतात, उन्हात आत झाड प्रकाशसंश्लेषण करते म्हणून गॅस कमी होते, मग त्याच डब्यावर काळं कापड टाकतात, आता फक्त श्वसन उरते म्हणून गॅस वाढते, दोन्हींचा फरक काढला की झाडानं किती ओढला ते समजते. तिकडं मे महिन्याच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, रात्री दोन वाजतासुद्धा पारदर्शक डब्यात गॅस हळूहळू कमी होताना मी पाहिलाय, पहिल्या वेळी यंत्र बिघडलं असंच वाटलं होतं. हा प्रयोग तुमच्या पोरांना नक्की जमते, कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर काही हजारात मिळते, डबा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा, काळं कापड म्हणून घरची दुहेरी गोधडी. दोनच गोष्टी सांभाळा. आपल्या उन्हात बंद डबा चार-पाच मिनिटात तापून झाड कोमेजते, म्हणून उजेडातली मोजणी दोन-तीन मिनिटातच आटपा. आणि श्वास. हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या वर आहे आणि आपल्या श्वासात ४० हजार, म्हणजे जवळपास शंभर पट, पोरं डब्यावर वाकून पाहतील तर तुम्ही तलाव नाही, पोरं मोजून राहिले. वारा पाहून खालच्या अंगाला उभं राहायचं.

मनोऱ्याची पद्धत पण आहे, त्यात वाऱ्याचे उभे झोत आणि गॅसचं प्रमाण दोन्ही सेकंदाला दहा-वीस वेळा मोजतात आणि अर्ध्या तासाचा हिशेब काढतात, त्यानं कित्येक एकरांची सरासरी एकदम मिळते आणि डबा ठेवायची, पाय ठेवायची भानगडच नाही. कॅनडात ओटावाजवळ मेर ब्ल्यू दलदलीत असा मनोरा १९९८ पासून चालू आहे. पण मनोरा हे नाही सांगत की गॅस कोणत्या झाडाच्या जागेतून आला, त्यासाठी परत खाली उतरून झाडंच पाहावी लागतात. आणि खर्च ऐकला तर तुम्ही सोडून द्याल, म्हणून पुढं जातो.

झाडांची वही कशी ठेवायची ते नीट सांगतो. एक मीटर बाय एक मीटर बांबूची चौकट करा, दोन्ही बाजूंनी दर दहा सेंटिमीटरवर सुतळी बांधा, शंभर घरं होतात. प्रत्येक घरात सगळ्यात जास्त काय आहे ते लिहा, उघडं पाणी असेल तर पाणी लिहा, सुकलेलं असेल तर सुकलेलं लिहा, मोकळा रकाना ठेवू नका. त्यानंतर उभ्या काड्या मोजा, हिरव्या किती आणि वाळल्या किती, दहा पानांची लांबी-रुंदी घ्या, आणि दर आठवड्याला तीच पानं, त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा. वाळल्या काड्या टाकून देऊ नका मोजणीतून, मेलेली काडी पण नळीच असते, गॅस तिच्यातूनही निघते. दर वेळी त्याच उंचीवरून, त्याच वेळेला एक फोटो. पाण्याची खोली, गाळाचं तापमान ५, १० आणि २० सेंटिमीटरवर. पेन्सिलनं लिहा, शाई पावसात जाते. नाव माहीत नसलेलं झाड "झाड क" म्हणून लिहा आणि पान दाबून ठेवा, चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ते चांगलं. आणि नावं तलावावर मासे धरणाऱ्या ढिवर काकांना विचारा, शाळेच्या पुस्तकात विचारू नका. देवधान कुठं उगवते, कोणत्या पाण्यात शिंगाडा धरते, बेशरमची झुडपं कोणत्या साली पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, घुसली, कोणत्या कोपऱ्यात डोंगा नेला की तळातून फसफस बुडबुडे येतात, हे सगळं त्यांना पाठ आहे, आणि तो माझ्या दृष्टीनं तीस-चाळीस वर्षांचा डेटा आहे.

वेळेचं पण लक्षात घ्या. तिकडं सगळे जून ते सप्टेंबर मोजायचे आणि थंडी पडली की घरी जायचे. ग्रीनलंडच्या ईशान्येला झाकनबर्ग आहे, ७४ अंश उत्तरेला, तिथं एका वर्षी यंत्रं थंडीतही चालू ठेवली आणि जमीन गोठत असताना मिथेनचा असा लोंढा निघाला की पूर्ण उन्हाळ्यात निघाला होता जवळपास तेवढाच, वरून गोठणारा बर्फ खालचा गॅस पिळून काढून राहिला होता. २००८ मधे ते छापून आलं. म्हणजे इतकी वर्षं लोक बरोबर त्याच वेळी घरी जात होते. आपल्याकडं बर्फ नाही पण तशी वेळ आहे, आटणं आणि भरणं. आता वैशाखात तलाव आटला, काठाच्या गाळाला भेगा पडल्या, आत हवा शिरली, तिथून मिथेन बंद आणि कार्बन डायऑक्साइड चालू. म्हणूनच आपल्याकडं पीट साचत नाही, पावसाळ्यात जमलेलं उन्हाळ्यात कुजून जाते. मग मृगाचं पाणी आलं तरी लगेच मिथेन सुरू होत नाही, आधी गाळातला ऑक्सिजन संपते, मग नायट्रेट, मग मँगनीज, लोह, सल्फेट, हे सगळं वापरून झाल्यावर मिथेनवाल्यांची पाळी येते, म्हणून काही आठवडे जातात. आपल्या लोहाच्या तांबड्या मातीत हा उशीर पाहण्यासारखा असते. पोरांनी पाऊस पडल्यापासून दर आठवड्याला मोजलं तर हा सगळा क्रम त्यांना डोळ्यानं दिसेल. हे कराच.

तुमच्या तलावासाठी म्हणाल तर तीन गोष्टी सुचवतो, फुकटातल्या. गंज न लागलेल्या साध्या लोखंडी सळाखा घ्या, रेगमालनं घासा, रोवणा झाल्यावर बांधीत आणि तलावाच्या काठाला उभ्या रोवा, पाच-सहा आठवड्यांनी काढा. जिथपर्यंत हवा पोचते तिथपर्यंत तांबडा गंज, खाली राखाडी. ही पद्धत पीटमधे खरोखर वापरतात. दुसरं, बुडबुड्यांचा सापळा. ३० सेंटिमीटर तोंडाची चाडी, म्हणजे नरसाळं, पाण्याखाली उलटी धरून वर पाण्यानं भरलेली मोजपट्टीची सिरिंज लावा, बांबूला बांधा, २४ तास हात लावू नका. तिचं तोंड ०.०७ चौरस मीटर, म्हणजे १४ मिलिलिटर जमला तर चौरस मीटरला दिवसाचे २०० मिलिलिटर. किमान पाच-सहा सापळे लावा कारण बुडबुडे एका जागी येतात आणि हातभर पलीकडं येतच नाहीत, आणि हवेचा दाब पण लिहा, वादळी पावसाच्या आधी दाब उतरला की बुडबुडे वाढतात. बुडबुड्यात निव्वळ मिथेन नसते, नायट्रोजन पण असते, म्हणून तपासणी होईपर्यंत वहीत "गॅस" लिहा, "मिथेन" नका लिहू. आणि तिसरं, ती चौकट आणि गोधडीवाला डबा.

काळजीचं पण सांगतो. जमा झालेला गॅस पेटवून पाहायचा नाही, पोरांना व्हिडिओ पाहून तोच मोह होते, मला माहीत आहे. कमळाच्या वेलात कोणी एकटं उतरायचं नाही, पाय अडकते, डोंग्यात बसायचं तर ढिवर काका सोबत आणि अंगात जॅकेट. म्हशी पाण्यात असतील तेव्हा मोजायचं नाही, रवंथ करताना म्हैस स्वतःच मिथेन सोडते आणि गाळ तुडवते ते वेगळं. आणि तुमच्या भागात सारस असेल तर पावसाळ्यात त्यांची घरटी पाण्यात, बांधीत असतात, त्या अंगाला जायचंच नाही, सापळा नाही, चौकट नाही, काही नाही. गोंदिया सोडला तर महाराष्ट्रात हा पक्षी जवळपास उरला नाही, एका आकड्यासाठी एक घरटं गेलं तर तो आकडा मला नको.

शेवटी तुम्ही जे लिहिलं की गावात एक जण म्हणाला, तलाव गॅस सोडते आणि त्यानं पृथ्वी तापते तर तलाव बुजवून टाका, त्याचं उत्तर. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवते हे खरं आहे, आणि जगात मिथेन सोडणाऱ्या नैसर्गिक जागांमधे पाणथळ जागाच पहिल्या नंबरवर आहेत हेही खरं. पण मिथेन हवेत दहा-बारा वर्षं टिकते. उत्तरेकडच्या दलदली हजारो वर्षं मिथेन सोडूनही एकंदरीत पृथ्वीला थंडच ठेवत आल्या कारण त्यांनी पीटमधे कार्बन दाबून ठेवला, आणि ज्या ज्या जागी नाले खणून दलदल कोरडी केली तिथं तोच कार्बन हवेत गेला. आपला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पीट नाही, त्याचा हिशेब वेगळा, पण कोहळी लोकांनी बांधलेल्या या तलावांवर धान, मासे, शिंगाडे, ढेस, विहिरींचं पाणी सगळं उभं आहे, ते एका रकान्यात बसत नाही. मिथेन कमी करायचाच असेल तर तलावात सांडपाणी आणि खताचा गाळ जाणं थांबवा, कारण तेच गाळातल्या जीवांचं जास्तीचं खाद्य. बांधीत जिथं पाणी हातात आहे तिथं सतत भरून न ठेवता मधे मधे सुकू द्या, त्यानं धानाचा मिथेन साधारण ३० ते ५० टक्के कमी होते, फक्त युरिया टाकून लगेच सुकवू नका, नाहीतर नायट्रस ऑक्साइड वाढते, तोही पृथ्वी तापवणाराच गॅस. पण त्या माणसाला हे सगळं सांगायच्या आधी त्याला पोरांसोबत पाळीवर बोलवा आणि चौकट धरायला लावा.

मृग लागायला अजून वेळ आहे, तेवढ्यात बांबूची वाट आणि चौकट करून घ्या आणि कोरड्या काठाची पहिली नोंद आताच टाका, भेगा किती रुंद, किती खोल, त्यात काय उगवून आलं. मी पोळ्याला गावीच आहो, वही आणि सळाखा दोन्ही घेऊन या, सोबत बसून पाहू.